गाभोळी पिकते तेव्हा : माशांच्या अंडाशयातील वृद्धिघटकांचा आढावा

पावसाळा तोंडावर आला की रोहू, कटला, मृगल यांच्या माद्यांची पोटे गाभोळीने तट्ट फुगतात. या गाभोळीतला दाणा न् दाणा पुरता वाढलेला असतो, बलकाने ठासून भरलेला असतो. तरीही त्या अवस्थेत त्यावर नराचे वीर्य सोडले तर एकही दाणा फळत नाही, कारण वाढ पूर्ण झालेली असली तरी पक्वता आलेली नसते. तळ्यात कोंडलेल्या मादीत ती पुष्कळदा येतच नाही आणि सगळी गाभोळी पोटातल्या पोटात जिरून जाते. वाढलेल्या अंड्याला पिकवते कोण, हा प्रश्न मत्स्यसंवर्धनात जवळजवळ शतकभर विचारला जातो आहे. त्याचे पहिले उत्तर संप्रेरकांनी दिले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्या उत्तरात 'वृद्धिघटक' या प्रथिनांनी बरीच गुंतागुंत आणली. ती गुंतागुंत आज कुठवर सुटली आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

पिकणे म्हणजे नेमके काय

माशाची अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाला फार लवकर सुरुवात करते आणि पहिल्याच टप्प्यात थबकते. गुणसूत्रांच्या जोड्या जुळलेल्या, केंद्रक फुगून मधोमध बसलेले, अशा स्थितीत ती कित्येक महिने काढते. या काळात ती वाढते, यकृतात तयार होऊन रक्तातून आलेला बलक साठवते, पण विभाजन पुढे सरकत नाही. पक्वता म्हणजे हे अडलेले विभाजन पुन्हा सुरू होणे. केंद्रक मधून कडेला, शुक्राणू जिथून आत शिरतो त्या सूक्ष्म छिद्राच्या दिशेने सरकते. मग त्याचे पटल विरघळते, निम्मी गुणसूत्रे एका चिमुकल्या पेशीच्या रूपाने बाहेर टाकली जातात आणि फलन होईपर्यंत विभाजन पुन्हा एकदा थांबते.

मत्स्यबीज केंद्रावरही हे डोळ्यांनी पाहता येते. मादीच्या जननछिद्रातून बारीक नळीने थोडे दाणे ओढून घेतात आणि अल्कोहोल, फॉर्मॅलिन व ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात काही मिनिटे ठेवतात. बलक निवळतो आणि आत केंद्रकाचा ठिपका दिसू लागतो. बहुतेक दाण्यांत तो मधोमध असेल तर मादीला अजून अवकाश आहे. कडेकडे सरकलेला असेल तर इंजेक्शन लागू पडण्याची शक्यता चांगली.

प्रयोगशाळेत हेच काम मुख्यतः झेब्राफिशवर चालते. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत सापडणारा हा बोटभरही लांब नसलेला मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आहे. त्याचा पूर्ण वाढलेला, न पिकलेला दाणा साधारण ०.६५ मिलिमीटरचा आणि दुधट असतो. पक्वता आणणारे संप्रेरक बशीत घातले की काही तासांत, आतल्या बलकाचे विघटन होऊन, तो काचेसारखा नितळ होतो. किती दाणे नितळ झाले, किती दुधट राहिले, एवढे मोजायचे. या क्षेत्रातले पुष्कळ निष्कर्ष अशाच मोजणीवर उभे आहेत. ही मोजणी काय सांगते आणि काय सांगत नाही, हा मुद्दा पुढे वारंवार येणार आहे.

संप्रेरकांची चौकट

१९३० च्या दशकात ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांकडून अंडी घालून घेतली. भारतात १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात आपल्या प्रमुख कार्प माशांवर हेच यशस्वी करून दाखवले. आजही तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तोवर नदीतून मत्स्यजिरे गोळा करून आणण्यावर चाललेली मत्स्यशेती त्यानंतर बीज केंद्रांवर उभी राहिली. पुढे ग्रंथीच्या अर्काची जागा मेंदूतल्या संप्रेरकाच्या कृत्रिम नकलेने आणि सोबतच्या डॉम्पेरिडोन या औषधाने घेतली. लिन हाओरान आणि रिचर्ड पीटर यांची ही पद्धत आपल्या बीज केंद्रांत 'ओव्हाप्रिम'सारख्या तयार इंजेक्शनांच्या रूपाने पोहोचली आहे.

ग्रंथीतून सुटणारे ल्युटिनायझिंग हॉर्मोन, म्हणजे एलएच, अंड्यावर थेट काम करत नाही. अंडपेशीभोवती पेशींचे दोन थर असतात आणि हे सगळे मिळून एक पुटक बनते. ओकाझाकीच्या संस्थेत योशिताका नागाहामा यांच्या गटाने सामन कुळातल्या 'अमागो' माशावर काम करून दाखवले, की पुटकाचा बाहेरचा थर एक कच्चे स्टेरॉइड बनवतो आणि आतला थर त्याला अंतिम रूप देतो. १९८५ मध्ये हे अंतिम स्टेरॉइड ओळखले गेले. संक्षेपाने त्याला डीएचपी म्हणतात आणि पुष्कळ माशांत अंडे पिकवणारे संप्रेरक हेच असते. क्रोकरसारख्या, म्हणजे आपल्या घोळीच्या कुळातल्या, माशांत हे काम त्याचे जवळचे भावंड करते.

अंडे पिकवताना हे स्टेरॉइड केंद्रकात शिरून जनुके चालू करत नाही, तर अंडपेशीच्या पटलावरूनच इशारा देते. तो इशारा घेणारा ग्राही २००३ मध्ये पीटर थॉमस यांच्या टेक्सासमधील गटाने शोधला. इशारा पोचला की अंडपेशीतली सायक्लिक एएमपी या रेणूची पातळी उतरते आणि सीडीसी-२ व सायक्लिन-बी या दोन प्रथिनांची जोडी जागी होते. हीच जोडी केंद्रकाचे पटल विरघळवते. गोल्डफिशमध्ये सायक्लिन-बी आधी नसते, इशाऱ्यानंतर ते नव्याने बनते. बंगालमध्ये 'कोई' म्हणतात त्या माशात मात्र ही जोडी आधीच तयार आणि निद्रिस्त असते, असे शांतिनिकेतनात समीर भट्टाचार्य यांच्या गटाने दाखवले. म्हणजे शेवटच्या पायरीवरसुद्धा सगळे मासे एकसारखे वागत नाहीत. वृद्धिघटकांविषयीची मतभिन्नता समजून घेताना हे लक्षात ठेवलेले बरे.

मेंदू, ग्रंथी, पुटक, डीएचपी, अंडपेशी अशी ही साखळी अजूनही भक्कम आहे. वृद्धिघटकांनी ती मोडलेली नाही.

वृद्धिघटकांचा प्रवेश

वृद्धिघटक ही पेशींनी शेजारच्या पेशींसाठी सोडलेली प्रथिने असतात. त्यांचा पल्ला तोकडा असतो आणि परिणाम तिथल्या तिथे होतो. त्यांच्या शोधासाठी १९८६ चे नोबेल स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना मिळाले, तेव्हा अंडाशयात त्यांचे काही काम असेल याची चाहूल लागलेली होती. १९७९ मध्येच बेडकाच्या अंडपेशी इन्शुलिनने पिकतात हे दिसले होते आणि १९८५ मध्ये गोल्डफिशवर इन्शुलिनचे प्रयोग झाले होते. इन्शुलिनचे भावंड असलेले आयजीएफ-१ हे तर खरेखुरे वृद्धिघटक. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी 'रेड सीब्रीम' या सागरी माशाच्या पुटकांवर ते टाकले आणि दाणे पिकले.

इथून चर्चेला तीन वेगळ्या दिशा फुटल्या.

पहिल्या मांडणीत वृद्धिघटक एलएचचे स्थानिक दूत आहेत. वेई गे यांच्या गटाने हाँगकाँगमध्ये झेब्राफिशच्या दाण्यांवर ॲक्टिव्हिन हे प्रथिन टाकले तेव्हा दाणे पिकले. ॲक्टिव्हिनला बांधून निकामी करणारे फॉलिस्टॅटिन सोबत टाकले तर ॲक्टिव्हिनचाच नव्हे, एलएचच्या वर्गातल्या गोनॅडोट्रॉपिन संप्रेरकाचा परिणामही दबला. म्हणजे वरून आलेल्या संप्रेरकाचा निरोप पुटकातल्या ॲक्टिव्हिनमार्फत पुढे जात असावा. ईजीएफ हा वृद्धिघटक टाकला तरी दाणे पिकले आणि तो परिणामही फॉलिस्टॅटिनने दबला. सस्तन प्राण्यांत या मांडणीला मोठा आधार आहे. २००४ मध्ये उंदरांवर दिसले, की एलएच आल्यावर पुटकाच्या बाहेरच्या भागात ईजीएफच्या कुळातली प्रथिने सुटतात आणि तीच निरोप आत नेतात.

दुसरी मांडणी म्हणते की आयजीएफला स्टेरॉइडची गरजच नसावी. सीब्रीमनंतर अमेरिकेतल्या 'स्ट्राइप्ड बास'मध्येही आयजीएफ-१ ने पक्वता आणल्याचे दिसले. बंगालमध्ये कल्याणी विद्यापीठात दिलीप मुखर्जी यांच्या गटाने सामान्य कार्पच्या, म्हणजे आपल्याकडच्या सायप्रिनसच्या दाण्यांवर आयजीएफ-१ आणि इन्शुलिन दोन्ही वापरले. पेशीतली पीआय-३ कायनेज आणि मॅप कायनेज या विकरांची साखळी अडवली की परिणाम थांबतो, असे त्यांनी दाखवले. ही वाट डीएचपीपासून वेगळी आहे असे म्हणावे, तर एक अडचण येते. क्रोकर माशात स्टेरॉइडचा इशाराही याच पीआय-३ कायनेजमधून जातो. म्हणजे दोन वाटा सुरुवातीला वेगळ्या असल्या तरी पुढे एकच होतात. अशा वेळी 'स्वतंत्र वाट' म्हणजे नेमके किती स्वतंत्र, हे ठरवणे सोपे नाही.

तिसरी मांडणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्ण वाढलेला प्रत्येक दाणा डीएचपीला प्रतिसाद देत नाही. आधी त्याला तशी पात्रता यावी लागते. पटलावर ग्राही यावे लागतात, पुटकाच्या थरांचे अंडपेशीशी असलेले जोड बदलावे लागतात. वृद्धिघटकांचे खरे काम ही पात्रता आणणे किंवा रोखून धरणे हे असावे, असे या मांडणीचे म्हणणे. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात चुन पेंग यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये टीजीएफ-बीटा हे प्रथिन पक्वता रोखते असे दाखवले. ते डीएचपी बनवणारे विकर आणि एलएचचे ग्राही यांची जनुके दाबते. २००६ मध्ये त्याच गटाने बीएमपी-१५ विषयी असेच मांडले. हे प्रथिन स्वतः अंडपेशीच बनवते आणि वेळेआधी पिकण्यापासून स्वतःला आवरते. वरून येणाऱ्या आज्ञेची केवळ वाट न पाहता अंडपेशी स्वतःच्या पक्वतेची वेळ ठरवण्यात भाग घेते, ही कल्पना या क्षेत्राला खरोखर नवी दिशा देणारी होती.

बीएमपीच्या या कुळाचे महाराष्ट्राशी एक नाते आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. ते जनुक म्हणजे याच कुळातल्या प्रथिनांच्या एका ग्राहीत झालेला छोटासा बदल. माशांपासून मेंढीपर्यंत, अंडी किती आणि कधी पिकावीत हे ठरवण्यात या कुळाचा हात दिसतो.

ईजीएफचा पेच

या सगळ्या चर्चेत सर्वांत अवघड गाठ ईजीएफची आहे.

गे यांच्या प्रयोगांत ईजीएफ टाकल्यावर दाणे पिकतात, हे वर आलेच आहे. थॉमस यांच्या गटाने मात्र वेगळीच गोष्ट पाहिली. झेब्राफिशच्या दाण्याभोवतीचा थर काढून टाकला की कित्येक दाणे कुठल्याही संप्रेरकाविना आपोआप पिकू लागतात. म्हणजे थराकडून येणारे काही तरी अंडपेशीला रोखून धरत असते. ते काही तरी म्हणजे पुटकातच बनणारे इस्ट्रॅडिऑल, असे २०१० च्या सुमारास स्पष्ट झाले. थर काढलेल्या दाण्यांवर इस्ट्रॅडिऑल टाकले तर आपोआप पिकणे कमी होते. हे स्त्री-संप्रेरक अंडपेशीच्या पटलावरच्या एका वेगळ्या ग्राहीला बिलगते आणि सायक्लिक एएमपी चढते ठेवते. २०११ च्या त्यांच्या पुढच्या कामात दिसले, की हा अटकाव ईजीएफच्या ग्राहीतून जातो. ईजीएफचा ग्राही अडवला तर दाणे जास्त पिकतात.

म्हणजे एका प्रयोगशाळेत ईजीएफचा ग्राही चालू केला की दाणे पिकतात आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच बंद केला की पिकतात. मासाही एकच, झेब्राफिश.

यातून मार्ग काढणारे एक स्पष्टीकरण जागेचे आहे. गे यांच्या गटाच्या मते ईजीएफ अंडपेशीत बनते आणि त्याचे ग्राही भोवतालच्या थरात असतात. निरोप अंडपेशीकडून थराकडे जातो आणि थरात ॲक्टिव्हिन वाढते. थॉमस यांच्या मांडणीला मात्र अंडपेशीवरच हे ग्राही असावे लागतात. दोन्ही जागी ग्राही असतील, तर थरावरचे पक्वतेला हातभार लावतात आणि अंडपेशीवरचे तिला रोखतात, अशी जुळणी शक्य आहे. दुसरे स्पष्टीकरण वेळेचे आहे. इस्ट्रॅडिऑलचा काळ बलक भरण्याचा, डीएचपीचा काळ त्यानंतरचा. एलएच वाढले की पुटक इस्ट्रॅडिऑल बनवणे सोडून डीएचपीकडे वळते. त्या वळणाच्या अलीकडे ईजीएफचा ग्राही लगाम असेल आणि पलीकडे चाबूक. मला जागेचे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण ते तपासता येते. थर आणि अंडपेशी अलग करून प्रत्येकात ग्राही आहे की नाही, हे एकाच प्रयोगशाळेत, एकाच वयाच्या दाण्यांवर पाहायला हवे.

जनुके काढून पाहिल्यावर

गेल्या दहा-बारा वर्षांत झेब्राफिशचे एखादे जनुक नेमके निकामी करणे शक्य झाले आणि बशीतल्या निष्कर्षांची परीक्षा सुरू झाली. परीक्षेचे निकाल अनपेक्षित होते.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियात बीएमपी-१५ निकामी केलेल्या माद्या तपासल्या गेल्या. पेंग यांच्या मांडणीप्रमाणे त्यांचे दाणे वेळेआधी पिकायला हवे होते. प्रत्यक्षात दाणे बलक भरण्यापर्यंतही पोचले नाहीत आणि माद्यांचे रूपांतर नरांत झाले. अंडपेशीच बनवते ते जीडीएफ-९ हे दुसरे प्रथिन निकामी केले तर पुटके अगदी बालवयात थांबतात, असे २०२२ मध्ये गे यांच्या गटाला दिसले. ईजीएफचा ग्राही निकामी केला तरी वाढ बलक भरण्याआधीच अडते. ईजीएफ स्वतः निकामी केले तर मात्र मादी ठीकठाक राहते, कारण त्याचे काम करणारी त्याच कुळातली इतर प्रथिने असतात. फक्त माशांत आणि मुख्यतः जननग्रंथीत सापडणारे आयजीएफ-३ काढले तर अंडाशयच नीट तयार होत नाही.

या निकालांचा अर्थ लावताना घाई होते, असे मला वाटते. जनुक काढल्यावर दाणा पक्वतेपर्यंत पोचलाच नाही, तर त्या जनुकाचे पक्वतेत काम आहे की नाही, हे त्या प्रयोगातून कळत नाही. 'बशीतले निष्कर्ष खोटे ठरले' असे म्हणायला यात आधार नाही. सिद्ध झाले ते इतकेच, की हेच वृद्धिघटक पक्वतेच्या कितीतरी आधीही लागतात.

एलएचचे जनुक निकामी केल्याचे प्रयोग मात्र थेट आपल्या प्रश्नाला भिडतात. २०१४-१५ मध्ये दोन गटांनी हे केले. एलएच नसलेल्या माद्यांत दाणे पूर्ण वाढले, पण अंडी बाहेर आली नाहीत. त्या माद्या वांझ राहिल्या. अशा मादीच्या अंडाशयात आयजीएफ नाही असे नाही. तरीही दाणे स्वतःहून पिकून बाहेर आले नाहीत. निदान झेब्राफिशमध्ये तरी 'आयजीएफची स्वतंत्र वाट' एकट्याने पुरेशी नाही, हे यातून उघड होते. उलट २०११ मध्येच दिसले होते, की एलएचसारखे काम करणारे संप्रेरक दिले की पुटकात आयजीएफ-३ वाढते आणि आयजीएफचे ग्राही अडवले की त्या संप्रेरकाचा परिणाम मंदावतो. हे दोन्ही एकत्र ठेवले तर आयजीएफ-३ स्वतंत्र वाटेपेक्षा दूताच्या भूमिकेत जास्त शोभते. सीब्रीम, स्ट्राइप्ड बास आणि कार्पविषयी मात्र हा निर्णय झेब्राफिशवरून देता येणार नाही.

पटलावरच्या ग्राहीखेरीज डीएचपीचा एक ग्राही केंद्रकातही असतो. तो निकामी केलेल्या माद्यांचे दाणे नीट पिकतात, पण पुटकातून सुटत नाहीत. पिकणे आणि सुटणे यांच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. मादीने अंडी घातली नाहीत एवढ्यावरून ती पिकली नव्हती असे धरून चालणाऱ्या प्रयोगांकडे यामुळे सावधपणे पाहावे लागते.

न सुटलेले प्रश्न

आधी मोजणीचा प्रश्न. बशीतले किती दाणे पिकले हा आकडा, वृद्धिघटकाने काय केले हे सांगतो, पण तो वृद्धिघटक जिवंत मादीत त्याच मात्रेत, त्याच वेळी तिथे असतो का, हे सांगत नाही. झेब्राफिश पहाटे अंडी घालतो आणि त्याचे दाणे आदल्या रात्री पिकतात. म्हणजे खरी घडामोड काही तासांत उरकते. त्या तासांत पुटकात कोणता वृद्धिघटक किती चढतो-उतरतो, याचा तासागणिक हिशेब मांडायला हवा. जनुक नेमके पूर्ण वाढलेल्या दाण्यातच आणि ठरावीक वेळीच बंद करता आले, तर वर आलेल्या अर्ध्या वादांचा निकाल लागेल. माशांत अशी हत्यारे हळूहळू हाती येत आहेत.

दुसरा प्रश्न मासा कोणता याचा. झेब्राफिश तीन महिन्यांत प्रजननक्षम होतो आणि वर्षभर अंडी घालत राहतो. रोहूच्या मादीला सुमारे दोन वर्षे लागतात आणि ती पावसाळ्यात, वाहत्या चढत्या पाण्यात अंडी घालते. एका अंडाशयात लाखो दाणे असतात आणि ते जवळजवळ एकाच वेळी पिकायला हवेत. अशा माशात पात्रता आणणाऱ्या वृद्धिघटकांवर जास्त भार असावा, असा अंदाज करता येतो. सामान्य कार्पमध्ये जनुकांच्या दोन-दोन प्रती असल्याने एक निकामी करून भागत नाही. बंगालच्या प्रयोगशाळांनी आपल्या माशांवर बशीतले काम भरपूर केले आहे, पण जनुकांच्या पातळीवर ते तपासण्याची जबाबदारी अजून बरीचशी बाकी आहे.

तिसरा प्रश्न बीज केंद्रांचा. वृद्धिघटक इंजेक्शनात घालून वापरता येतील का, असे मत्स्यशेतकरी विचारतात. सध्या तरी त्याची शक्यता दूरची दिसते. ही प्रथिने महाग असतात, शरीरात फार टिकत नाहीत आणि त्यांचे काम एका पुटकापुरते असते. सगळ्या अंगभर ती टोचून अंडाशयात नेमका परिणाम साधणे कठीण. त्यांचा उपयोग व्हायचा तर तो पारख करण्यासाठी होईल. कोणत्या मादीचे दाणे पात्र झाले आहेत, हे आज केंद्रकाच्या ठिपक्यावरून कळते. पण केंद्रक सरकण्याआधी पात्रता येते, ती ठिपक्यात दिसत नाही. नळीने काढलेल्या चार दाण्यांतून बीएमपी-१५, ॲक्टिव्हिन आणि एलएच-ग्राही यांच्या जनुकांची पातळी मोजता आली, तर इंजेक्शनला प्रतिसाद न देणाऱ्या माद्या आधीच वेगळ्या काढता येतील आणि त्यांना टोचून वाया जाणारी गाभोळी वाचेल.